वेठ कधी बंद झाली?

तृतीय वर्षाला आधुनिक युरोप शिकवताना एक तास असा येतो की फळा पुरत नाही. फ्रान्सची सरकारे एकाखाली एक लिहायची असतात. १७९१ ला संविधानाने बांधलेला राजा. १७९२ ला पहिले प्रजासत्ताक. १७९५ ला पाच जणांचे संचालक मंडळ, १७९९ ला नेपोलियनची कॉन्सुलशाही, १८०४ ला साम्राज्य. १८१४ ला बूर्बाँ राजे परत, १८३० ला त्यांच्याच भाऊबंदांतला लुई फिलिप. १८४८ ला दुसरे प्रजासत्ताक, १८५२ ला दुसरे साम्राज्य, १८७० ला तिसरे प्रजासत्ताक. १९४० ला जर्मनांच्या छायेतले विशीचे सरकार, १९४६ ला चौथे प्रजासत्ताक, १९५८ ला पाचवे. मुले निमूटपणे उतरवून घेतात.

यंदा एक मुलगा थांबला. झरीच्या बाजूच्या पाड्यावरून येतो, वारली आहे, फार बोलत नाही. तो म्हणाला, “सर, एवढी सरकारं बदलली, पण नांगर धरणारा तोच राहिला ना? आमच्याकडं पण तसंच झालं. पोर्तुगीज आले, पेशवे आले, इंग्रज आले, स्वराज्य आलं. माझा आजा होता तिथंच.”

वर्गाने माना डोलावल्या. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण तास संपत आला होता आणि उत्तर मोठे होते. ते इथे देतो आहे. त्या मुलाचे वाक्य त्याचे एकट्याचे नाही. तलासरी-डहाणूत आलेला प्रत्येक वार्ताहर दर पावसाळ्यात कुपोषणाच्या बातमीखाली तेच लिहितो. बदलून आलेला अधिकारी महिनाभरात तेच म्हणू लागतो. आदिवासींबद्दल मनापासून कळवळा असलेली माणसेही तेच म्हणतात, किंबहुना तीच जास्त म्हणतात. राज्ये आली आणि गेली, आदिवासीचे जिणे तेच राहिले: हे आता मत राहिलेले नाही, गृहीत झाले आहे. माझ्या मते ते खोटे आहे. नुसते खोटे असते तर सोडून दिले असते, पण त्याने नुकसान होते.

आपल्याकडे खंडनाची जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीने मांडावा. तो दुबळा करून पाडण्यात काही अर्थ नाही.

तर पूर्वपक्ष असा. ही किनारपट्टी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर, वसई मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर इंग्रजी अंमल पक्का झाला. या एवढ्या उलथापालथीत डोंगराकडेच्या वारल्याला कोणता फरक पडला, हे दाखवून देणे कठीण आहे. पण पूर्वपक्षाचा खरा बिनतोड पुरावा अलीकडचा आहे. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड व त्याचे चार साथी मारले गेले. तेव्हा मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. काँग्रेस मंत्र्यांनी १९३९ मध्ये राजीनामे दिल्यापासून गव्हर्नरच कारभार पाहत होता. ते परके सरकार होते, म्हणून आपण समजून घेऊ. मग १९४६ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. खेर म्हणजे आचार्य भिसे यांच्याबरोबर आदिवासी सेवा मंडळ उभे करणारे, याच भागातल्या आदिवासींसाठी तळमळणारे गृहस्थ. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. किसान सभेच्या कार्यकर्त्यांवर हद्दपारीचे हुकूम गव्हर्नरच्या सरकारनेही काढले आणि लोकांच्या सरकारनेही काढले. बंदूक तीच, समोरची छाती तीच, मधले सरकार फक्त बदललेले. यापुढे आणखी काय हवे?

या पूर्वपक्षाला फ्रान्समधून एक थोर साक्षीदारही मिळतो. अलेक्सी द तोकव्हिल याने १८५६ साली राज्यक्रांतीपूर्वीच्या राजवटीवर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की पॅरिसमधून साऱ्या देशाचा कारभार हाकण्याची जी पद्धत लोक क्रांतीची किंवा नेपोलियनची करणी समजत होते, ती राजांच्या काळातच तयार झाली होती. राजा गेला, त्याचे कचेरीतले यंत्र राहिले. त्याच्या काही वर्षे आधी, जानेवारी १८४९ मध्ये, आल्फाँस कार नावाच्या पत्रकाराने १८४८ च्या क्रांतीने निराश होऊन लिहिलेली एक ओळ तर युरोपभर म्हण होऊन बसली. कितीही बदलले तरी शेवटी सारे तेच, असा तिचा भाव. माझ्या विद्यार्थ्याने तीच ओळ, ती न वाचता, मराठीत म्हटली.

आता खंडन.

सरकार बदलले तेव्हा जिणे बदलले नाही, हे विधान मी मान्य करतो. यातून “जिणे बदललेच नाही” असे अनुमान निघत नाही. मध्ये एक गोष्ट गुपचूप धरून चालली आहे: जिणे बदलायचे तर ते सरकार बदलेल त्याच दिवशी बदलेल. १५ ऑगस्टला शोधले, सापडले नाही, म्हणून नाहीच असे ठरवले. हा हेत्वाभास आहे. नैयायिकांनी त्याला जागेवर धरले असते. माणूस चुकीच्या तारखेला भेटायला गेला आणि घर बंद दिसले म्हणून त्या घरात कोणी राहतच नाही असे म्हणू लागला, तसे हे झाले.

मग योग्य तारीख कोणती? त्यासाठी आधी वेठ म्हणजे काय होते ते नीट सांगायला हवे, कारण आजच्या मुलांना तो शब्दच उरलेला नाही, आणि तो उरलेला नाही हाच माझा पहिला पुरावा आहे.

पाऊस पडला की मालकाचा माणूस पाड्यावर येई. ज्यांच्याकडे मालकाची जमीन कसायला होती, आणि ती जवळजवळ सगळ्यांकडेच होती, त्यांनी आधी मालकाच्या खासगी शेतावर नांगर धरायचा, आवण लावायचे, तेही फुकट. भाताचे गणित चार-आठ दिवसांचे असते. रोप वेळेत लागले नाही तर पीक हातचे जाते. मालकाचे शेत वेळेवर लागे आणि वारल्याचे उशिरा. मग त्याला कमी पिके, त्यातूनही खंड द्यावा लागे आणि उन्हाळा निघण्याआधी कणगी रिकामी होई. मग खावटीसाठी त्याच मालकाकडे जायचे. दिलेले भात सुगीला दीडीने परत करायचे. म्हणजे फुकट राबवून घेतल्यामुळे जी तूट आली, तीच भरून काढायला पुन्हा कर्ज. वेठ ही आळसावर किंवा अज्ञानावर उभी नव्हती. ती पावसाच्या वेळापत्रकावर उभी होती.

लग्नगडी ही त्याच दोरीची शेवटची गाठ. वारल्याच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघट देवी, धवलेरी गाणी म्हणते. त्या लग्नाला पैसा लागे आणि तो मालकाकडून येई. फेडायचा कसा, तर अंगमेहनतीने. नवरा मुलगा मालकाच्या वाड्यावर गडी म्हणून राहायला जाई आणि त्याची बायकोही कामाला जुंपली जाई. हिशेब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या हातात. वर्षे जात, कर्ज तसेच राही, बाप मेला तर मुलगा त्याच्या जागी येई. ज्या भिंतीवर संसाराच्या शुभाचे चित्र काढले, त्याच लग्नाने माणूस विकला जाई. हे सगळे अंधारात चालले होते असेही नाही. सायमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३०–४० च्या दशकाअखेर मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची सरकारी पाहणी केली आणि हे लिहून दिले. अहवाल छापला गेला. सरकारला माहीत नव्हते म्हणून काही झाले नाही, हा बचावही त्यामुळे उरत नाही. माहीत होऊनही अहवाल पडून राहिला.

आणि मग वेठ बंद झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती. तिथे उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली जाऊन बसले, त्यात माह्या धांगडा होता. त्यांनी ऐकले आणि परत येऊन बोलावणे पाठवले. किसान सभेचे श्यामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले ते त्यानंतर. २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली, पाचएक हजार आदिवासी जमले. ठरले ते साध्या शब्दांत सांगता येते. वेठ करायची नाही. मालकाच्या शेतावर काम करायचे तर दिवसाला रोख बारा आणे. कोणी हात उगारला तर सहन करायचे नाही. एकीने राहायचे. पाऊस दोन आठवड्यांवर आला होता. म्हणजे सभेची वेळही पावसाच्या त्याच वेळापत्रकावर बसवलेली होती. मालकाचा माणूस पाड्यावर आला तेव्हा कोणी उठले नाही. लग्नगड्यांना वाड्यांवरून सोडवून घरी आणले गेले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला, मागणी पाचशे पौंडांमागे अडीच रुपयांची होती, आणि तो मोडण्याच्या धामधुमीतच तलवाड्याचा गोळीबार झाला. गोदावरीबाईंनी पुढे १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळे लिहिले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी माझा लेख इथेच ठेवून आधी ते वाचावे.

तेव्हा १९४५ च्या पावसाळ्यात सरकार कोणते होते? तेच. गव्हर्नर तोच, पोलीस तेच, कायदा तोच. आणि जिणे बदलले. पुढे १९४७ साली सरकार बदलले, बंदूक बदलली नाही, हे पूर्वपक्षाचे म्हणणे खरे. पण पूर्वपक्ष पुढचा प्रश्न विचारत नाही. नानिवलीच्या गोळीबारानंतर वेठ परत सुरू झाली का? झाली नाही. बंदुकीचा उपयोग तोच होता, तरी तिला वेठ परत आणता आली नाही.

इथे एक आक्षेप येतो, तो मी अनेकदा ऐकला आहे. हे परुळेकरांनी केले, बाहेरच्या शिकल्यासवरल्या माणसांनी चिथावले, त्यात वारल्यांचे काय? हाच आक्षेप त्या काळचे मालक आणि पोलीस घेत होते, एवढ्यावरूनच खरे तर त्याची किंमत कळावी. तरी उत्तर देतो. टिटवाळ्याला वारली आधी गेले, परुळेकर इथे नंतर आले, हा क्रम उलटा करता येत नाही. शब्द, संघटना, लाल बावटा बाहेरून आला हे खरे. आवण न लावता बसून राहण्याचा, म्हणजे मालक खावटी बंद करील आणि पोरे उपाशी राहतील हा धोका पत्करण्याचा निर्णय बाहेरून येऊ शकत नाही.

आता फळ्यावरच्या फ्रान्सकडे परत वळू, कारण तिथेही हेच घडले आहे आणि आपण तिथेही चुकीची तारीख शिकवतो. १४ जुलै १७८९ ला बास्तीय पडले, हे पोरांना पाठ असते. त्याच जुलैच्या अखेरीस खेड्याखेड्यांतले शेतकरी सरदारांच्या गढ्यांत घुसले आणि त्यांनी कर-वेठीचे हक्क लिहिलेली दप्तरे जाळली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केल्याची घोषणा केली ती या धुरामुळे. तीही अर्धवट होती. जमिनीवरचे देणे शेतकऱ्याने मोबदला भरून सोडवून घ्यावे असा त्यात खोडा होता. शेतकऱ्यांनी मोबदला भरला नाही आणि देणेही भरले नाही. चार वर्षे असे चालल्यावर १७ जुलै १७९३ च्या कायद्याने ते बिनमोबदला संपले. १८१४ मध्ये बूर्बाँ राजा गादीवर परत आला. सरंजामी देणी मात्र परत आली नाहीत. क्रांतीच्या काळात जप्त होऊन विकलेल्या जमिनीही ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडेच राहिल्या, हे त्याला आपल्या सनदेत लिहून द्यावे लागले. पळून गेलेल्या सरदारांना १८२५ मध्ये पैशाने भरपाई दिली, जमीन दिली नाही. राजा परत आणता येतो. जाळलेले दप्तर परत आणता येत नाही.

आणि आल्फाँस कारच्या त्या म्हणीचे काय? ती त्याने जानेवारी १८४९ मध्ये लिहिली. त्याच्या नऊ महिने आधी, २७ एप्रिल १८४८ ला, दुसऱ्या प्रजासत्ताकाने फ्रेंच वसाहतींतली गुलामी कायमची बंद केली होती. मार्टिनिक बेटावरच्या गुलामांनी तर तो हुकूम बोटीने पोचण्याचीही वाट पाहिली नाही. २२ मेला ते उठले आणि २३ मेला तिथल्या गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. तारीख झरीच्या सभेचीच आहे, मध्ये ९७ वर्षे. पॅरिसमध्ये बसून काहीच बदलले नाही असे लिहिणाऱ्याला, ज्याचा कालपर्यंत लिलाव होत होता त्याला विचारण्याची गरज वाटली नाही. “काही बदलत नाही” हे मत बहुतेक वेळा अशाच जागेवरून व्यक्त होते, जिथून खालचा बदल दिसत नाही.

पण फ्रान्सच हेही शिकवतो की अशी मुक्ती काढूनही घेता येते. १७९४ ला गुलामी रद्द झाली होती, १८०२ ला नेपोलियनने ती पुन्हा लादली. ग्वादलूपमध्ये ती पुढे ४६ वर्षे टिकली. सां दोमांगमध्ये मात्र माणसे १७९१ पासून स्वतः लढून मोकळी झाली होती, तिथे नेपोलियनच्या फौजा हरल्या आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. एकच सरकार, एकच हुकूम, दोन बेटांवर दोन निकाल. फरक हुकमात नव्हता.

असा पडताळा आपल्या दाराशीही आहे. तलासरीहून उधव्याच्या बाजूने थोडे पुढे गेले की दादरा-नगरहवेलीची हद्द लागते. दोन्हीकडे वारली, नातीगोती दोन्हीकडे, नाचातले वाद्य तारपा तोच, धान्याची देवी कणसरी तीच. हद्दीपलीकडे पोर्तुगीज राज्य होते. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा घेतले, नरोली घेतले आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. ही लढाई शौर्याची होती आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु अलवारा आणि तेरेम या पोर्तुगीज काळातल्या जमीनधारणेच्या पद्धती मोडण्यासाठी विनियम झाला तो १९७१ मध्ये. झेंडा बदलल्यानंतर १७ वर्षांनी. म्हणजे हद्दीच्या अलीकडे सरकार न बदलता वेठ गेली आणि पलीकडे सरकार बदलूनही जमीन तशीच राहिली. दोन्ही गोष्टी सायकलने जाता येईल एवढ्या अंतरात घडल्या आहेत.

कागदावर विश्वास असणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा, आणि हा मला सगळ्यांत जवळचा आहे. तलासरी तालुक्यातल्या एखाद्या वारली खातेदाराचा सातबारा घ्या आणि तलाठ्याकडून त्याचे जुने फेरफार काढून त्याला जोडा. सर्वांत वर गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. जुन्या कागदावर तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे. १ मे १९६० ला मुंबई राज्य दुभंगले, उंबरगाव आणि त्याची बरीच गावे गुजरातेत गेली, आणि इकडे उरलेल्यांच्या माथ्यावर तलासरी आले. १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा पालघर. सरकारे आणि राज्ये बदलल्याची नोंद एवढीच, माथ्यावरची. १५ ऑगस्ट १९४७ या तारखेचा फेरफार मला अजून एकाही उताऱ्यात भेटलेला नाही.

आता खालचे रकाने वाचा. जुन्या नमुना बारामध्ये “जमीन करणाराचे नाव” असा एक रकाना असे. त्या रकान्यात वारल्याचे नाव चढणे म्हणजे तो कूळ असल्याचा पुरावा, आणि तो चढू नये म्हणून काय काय केले गेले हे तलासरीतल्या प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. १९४८ चा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कायद्याने कूळ मालक मानले गेले. फेरफारात “कलम ३२ ग प्रमाणे” किंमत ठरल्याची नोंद दिसते, पुढे ३२ म चे प्रमाणपत्र, आणि इतर हक्कांत कलम ४३ ची अट. त्यानंतर जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३६ अ, ज्याने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने परवानगीवाचून घेणे बंद झाले. अलीकडे काही घरांत वनहक्काचा दाखला असतो, २००६ च्या कायद्याखालचा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे ग्रामसभेपुढे सिद्ध करून मिळवलेला. प्रत्येक रकान्यामागे मोर्चा आहे, तुरुंग आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांत याच पाड्यांची माणसे होती. सरकार माथ्यावर लिहिले जाते. युग या खालच्या रकान्यांत लिहिले जाते.

पूर्वपक्षाचा एक भाग अजून शिल्लक आहे. वारली मुळातच काळाबाहेर राहतो, त्याचे जिणे अनादी आहे, ही समजूत. कपबशांवर, भिंतींवर, विमानतळांवर जी पांढरी माणसे गोल धरून नाचतात, त्यांनी ही समजूत फारच पक्की केली. अनादी काही नव्हते. जंगलातून जमिनी फिरवून पिकवणारा वारली मालकाचा कूळ झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ पर्यंत या किनाऱ्याने रेल्वे मुंबईला पोचली आणि इथल्या लाकडाला, गवताला बाजार मिळाला. १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव होऊ लागले, राब तोडण्यावर बंधने आली. कर्जापोटी जमिनी कागदोपत्री सावकारांकडे गेल्या. इंग्रज सरकार तेव्हाही एकच होते, पण त्याच्या पोटात एक अख्खे युग बदलले, वाईटाकडे. आणि ती चित्रे? चौक काढणे हे सवाशिणींचे काम होते. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकात लग्नाच्या भिंतीवरून ते कागदावर आणले आणि मनाला येईल तेव्हा काढू लागले. तोही बदलच होता, आणि तो एका वारली माणसाने केला.

मी सगळे आलबेल आहे असे म्हणत नाही. दिवाळीनंतर इथल्या पाड्यांवर कुलपे दिसतात. माणसे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत रोजंदारीला जातात. भट्टीची उचल घेतलेली असते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. कातकऱ्यांची स्थिती तर वारल्यांहूनही बिकट आहे. वनहक्काचे दावे फेटाळले जातात किंवा दहा गुंठ्यांचा दाखला हातावर ठेवला जातो. हे सारे पाहून “तेच आहे” हा शब्द तोंडावर येतो, मला कळते. तरी तो वापरू नये. लग्नगड्याला तक्रार घेऊन जायला जागा नव्हती. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आज आहे, त्याखाली अर्ज करता येतो, मुक्तीचा दाखला मागता येतो. लग्नगडी पिढ्यान्‌पिढ्या अडकत असे, उचल हंगामापुरती असते आणि म्हणूनच ती मोडता येते. दोन्हींना एकच म्हटले की मुकादमाचे फावते. जे कधीच बदलले नाही ते आताही बदलणार नाही, असे भट्टीवर जाणाऱ्या माणसाला वाटू लागते, आणि अर्ज लिहिलाच जात नाही. नुकसान होते असे मी वर म्हटले ते हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या आजाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे. तो होता तिथे राहिला नाही. त्याने, किंवा त्याच्या बापाने, एका पावसाळ्यात मालकाच्या शेताकडे पाठ फिरवून आपले रोप आधी लावले. त्याचा नातू आज कॉलेजच्या बाकावर बसून फ्रान्सची सरकारे उतरवून घेतो, आणि ते कॉलेज ज्या तलासरीत आहे तिथेच गोदावरी श्यामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. हे त्या पावसाळ्याशिवाय घडले नसते.

झरीच्या सभेला जे दहा वर्षांचे पोर म्हणून बापाच्या खांद्यावर बसून गेले, ते आज नव्वदीत आहेत. तलासरी-डहाणूतल्या प्रत्येक शिकलेल्या मुलाला आणि मुलीला माझी विनंती आहे. घरात किंवा पाड्यावर असे कोणी असेल तर या पावसाळ्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. सरकार कधी बदलले ते विचारू नका. वेठ आपल्या पाड्यावर कधी बंद झाली, पहिल्यांदा “नाही येत” असे कोण म्हणाले, ते विचारा, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, आणि तो कागद सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा.